जांभळ्या उजेडातला घट

आमच्या घरात उजेडावर दोघांचं पोट चालतं. नवऱ्याचं बल्ब, ट्यूब आणि पंख्यांचं दुकान आहे आणि मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणजे हाच उजेड पानात शिरल्यावर पुढं काय होतं ते मुलांना सांगते. नवरा बोलायला फार कंजूष. गिऱ्हाइकानं काही विचारलं तर तो बल्ब लावून दाखवतो आणि गप्प उभा राहतो. बोलायचं ते बल्बनंच बोलावं अशी त्याची अपेक्षा असते. त्याची सगळी भरपाई मी करते. माझं तोंड फार चालतं आणि डोकं लवकर तापतं, याबाबत माझ्या माहेरचं आणि सासरचं एकमत आहे.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला आमच्याकडं आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. गाव करमाळा तालुक्यात, जेऊर स्टेशनपासून जवळ. सासरे गेल्यापासून आत्या तिथं एकट्याच राहत होत्या. शेत वाट्यानं दिलेलं, घरात करायला काही नाही, पण घर बंद नको म्हणून बसून राहायच्या.

ऑपरेशन छान झालं. डोळ्यात थेंब घालायचे दिवस संपले, पावसाळाही सरत आला, तरी आत्या आमच्याकडंच होत्या. मात्र आठ-दहा दिवस झाले की एकदा म्हणायच्या, "जाते आता. लई दिस झालं." मी म्हणायची, "बसा की हो आत्या, तिकडं कोण वाट बघतंय?" यावर त्या माझ्याकडं न बघता लेकाकडं बघायच्या. लेक पेपरात डोकं घालून बसलेला असायचा.

त्या जाऊ नयेत असं मला मनापासून वाटत होतं. याचं कारण फार थोर नव्हतं. शाळेतून घरी आल्यावर मला बोलायला माणूस लागतं, आणि ज्याच्याशी लग्न केलं त्याच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं. चेंडू परत येतो, पण भिंत काही खेळत नाही. आत्या खेळायच्या. भाजीत मीठ कमी पडण्यापासून ते मुख्यमंत्री कोण व्हावा इथपर्यंत आमचं भांडण चालायचं आणि भांडता भांडता ज्वारीच्या भाकरी व्हायच्या.

भाद्रपदात माझा प्रकाशसंश्लेषणाचा धडा होता. प्रयोग वर्गात फसला की मुलं वर्षभर हसतात, म्हणून मी तो आधी घरी करून बघते. माशांच्या टाक्यांच्या दुकानातून पाणवनस्पतीची जुडी आणली, काचेच्या बरणीत पाण्यात ठेवली आणि शेजारी टेबललँप लावला. थोड्या वेळानं देठातून बारीक बुडबुडे सुटायला लागले. आत्या खुर्ची ओढून समोर बसल्या. नवा डोळा मिळाल्यापासून त्यांना सगळंच बघायचं असायचं.

"ह्ये काय, श्वास टाकतंय का ह्ये?"

"स्वयंपाक करतंय. पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घ्यायचा, उजेडाच्या जोरावर त्याची साखर करायची, आणि उरलेला प्राणवायू बाहेर सोडायचा. हे बुडबुडे म्हणजे चूल पेटल्याची खूण."

मी लँप जवळ सरकवला तसे बुडबुडे भराभर सुटायला लागले. चिमूटभर खायचा सोडा टाकला, म्हणजे पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढला, तसा आणखी जोर आला. मग गरम पाणी ओतलं. आधी वेग वाढला, पण मी जरा जास्तच ओतलं असावं, कारण थोड्या वेळात सगळं थंडावलं.

"दमलं बिचारं," आत्या म्हणाल्या. "आमचं बी तसंच हाय की. ऊन हाय तंवर खुरपं भराभर चालतंय, पर लई तापलं की बांधावर जाऊन बसावं वाटतंय."

मला हे फार आवडलं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं की रणरणत्या दुपारी पानंसुद्धा सोलापूरच्या दुकानदारासारखी शटर खाली ओढतात. पानाच्या पाठीवर बारीक तोंडं असतात, ती मिटून घेतात. पाणी वाचतं, पण हवा आत येईना म्हटल्यावर चूलही मंदावते. सोलापुरातल्या मुलांना दुपारचं शटर लगेच कळलं. त्या रात्री जेवताना मी पुढचा भाग घरच्यांवर आजमावला: पान हिरवं दिसतं, कारण हिरवा उजेड त्याला फारसा लागत नाही, बराचसा ते परत फेकतं, त्याला लागतो तो मुख्यतः लाल आणि निळा उजेड. आत्या म्हणाल्या, "आगं, भाकरी वाढ आधी." नवरा मात्र घास हातात धरून ऐकत होता. मला वाटलं, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर का होईना, हा माझं ऐकायला लागला.

मग नवरात्र आलं.

आमच्या घराण्याचा घट गावच्या घरी बसायचा. देवाची खोली आत, खिडकी नसलेली, नंदादीपाशिवाय दुसरा उजेड नाही. वावरातली काळी माती पत्रावळीवर पसरायची, मधे पाणी भरलेलं मडकं ठेवायचं आणि मातीत गहू, ज्वारी, मका, करडई असं धान्य पेरायचं. रोज एक माळ बांधायची. दसऱ्यापर्यंत वीतभर उंच, पिवळेधमक कोंब येतात. आमच्याकडं ते पिवळेच लागतात, सोन्यासारखे. घट उंच आणि पिवळा आला की देवी प्रसन्न, आणि तो खुरटला की बायका तोंडावर काही बोलत नाहीत, पण हळदीकुंकू घेऊन लवकर उठतात.

या वर्षी आत्यांनी घट सोलापुरात बसवायचं ठरवलं. वाटेकऱ्यानं वावरातली माती पिशवीत भरून एसटीत चढवली, ती टेंभुर्णीवरून आली आणि मी स्टँडवर जाऊन उतरवून घेतली. आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरामागं बिनखिडकीची एक छोटी स्टोअररूम आहे, तिलाच आम्ही देवघर केलं आहे. आत्यांना ती एकदम पसंत पडली. धान्य पेरून, हात जोडून झाल्यावर त्या आम्हा दोघांकडं वळल्या.

"आता एक सांगते. मी तिला कौल लावलाय. घट चांगला आला तर तिला ह्ये घर मानवलं, मी हितंच ऱ्हाते. न्हाय आला, तर दसऱ्याचं सोनं वाटलं की मला जेऊरच्या गाडीत बसवून द्यायचं. मग बसा म्हणायचं न्हाय."

मी म्हटलं, "आत्या, देवीला कशाला मधे घालताय? तुम्हाला काय वाटतं ते सांगा की."

"माझ्या वाटण्यावर काय हाय?" त्या म्हणाल्या आणि नंदादीपात तेल घालायला वळल्या.

मला काळजी नव्हती. अंधारी खोली, ओली माती, ऑक्टोबरची ऊब. अशा जागी घट न यायला काय झालं? मी निश्चिंतपणे चाचणीचे पेपर तपासायला बसले.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं दुकानातून रंगीत दिव्यांची माळ आणली आणि देवघराच्या दाराला लावली. शिवाय आत, घटाच्या वर, एक वेगळाच दिवा टांगला. त्याचा उजेड जांभळट गुलाबी. आत्यांनी आधी नाक मुरडलं, पण मग म्हणाल्या, "असू दे. कुकवावानी रंग हाय." मला वाटलं, दुकानात न खपलेला डेकोरेशनचा दिवा असेल. दुकानात न खपलेलं सगळं शेवटी आमच्या घरात लागतं. आमच्या बाथरूममध्ये मोराच्या आकाराचा दिवा आहे.

चौथ्या माळेला कोंब वर आले. आत्या वाकून बघत म्हणाल्या, "दाट आलंय. पर काळं काळं का दिसतंय गं?" त्या जांभळ्या उजेडात आमची तोंडंसुद्धा वांग्यासारखी दिसत होती, म्हणून मी म्हटलं, "दिव्यामुळं दिसत असेल." पाचव्या माळेला त्या जेवताना पुटपुटल्या, "घट वर येईना." नवरा ताटावरून उठला, हात धुऊन देवघरात गेला आणि दिवा हातभर खाली घेतला. सहाव्या माळेला त्या पुन्हा तेच म्हणाल्या. त्यानं दिवा आणखी खाली घेतला. आत्या म्हणाल्या, "आरं, देवघर हाय का तमाशाची कनात?" त्यानं वायरला आणखी एक गाठ मारली.

सातव्या माळेला संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू हळदीकुंकवाला आल्या. काकू अक्कलकोटकडच्या, घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि उत्साहाच्या भरात दोन्ही एकदम. आरती सुरू करणार तेवढ्यात लाइट गेली. माझ्या हातात आरतीचं ताट होतं, म्हणून काकूंनी आपल्या मोबाइलचा टॉर्च लावला आणि घटावर धरला.

पांढऱ्या उजेडात तो घट आम्ही पहिल्यांदा बघितला. चार बोटं उंचीचा, जाडजूड, आणि हिरवागार. लॉनचा तुकडा कापून आणून ठेवावा तसा.

"अय्यो," काकू म्हणाल्या आणि लगेच सावरून, "छलो आहे, छलो आहे, दाट आहे," असं म्हणत त्यांनी टॉर्च खाली केला. छलो म्हणजे चांगलं, पण ज्या आवाजात त्या ते म्हणाल्या त्या आवाजात कुणी चांगलं म्हणत नाही. आत्यांनी आरती पूर्ण म्हटली. मग काकूंच्या बरोबर त्यांचा घट बघायला खाली गेल्या. वर आल्या त्या थेट खाटेवर बसल्या.

"त्येंचा वीतभर आलाय. हळदीसारखा पिवळा." एवढंच बोलल्या आणि खाटेखालची बॅग ओढून झटकायला लागल्या.

मला तोवर सगळा प्रकार कळला होता. नवरा दुकान बंद करून आला तसं मी त्याला गॅलरीत गाठलं.

"तो दिवा कसला आहे?"

"झाडांचा."

"म्हणजे?"

"ऑफिसात वगैरे कुंड्या ठेवतात ना, ऊन नसतं तिथं, त्यांच्यासाठी येतो. लाल आणि निळा." मग जरा थांबून, "तूच म्हणालीस की, झाडाला तोच उजेड लागतो. जवळ घेतला की अन्न जोरात तयार होतं."

एवढी मोठी वाक्यं तो सहसा बोलत नाही. पण मी इतकी भडकले होते की ते लक्षात यायला वेळ लागला. मी त्याला दबक्या आवाजात, पण पूर्ण, धडा शिकवला. अहो, अन्न तयार झालं म्हणजे कोंब उंच होतो असं कुणी सांगितलं? बियात थोडी शिदोरी बांधलेली असते. अंधारात कोंबाला उजेड सापडत नाही, म्हणून तो ती शिदोरी खात उजेड शोधत नुसता वर वर पळतो; पान पसरायला, हिरवं व्हायला थांबत नाही. म्हणून तो उंच आणि पिवळा. तुम्ही त्याला बूड टेकायच्या आतच उजेड दिलात. त्याला पळायचं कारणच उरलं नाही. तो बसला जागेवर, झाला हिरवा, पेटवली त्यानं स्वतःची चूल. मळ्यात असा कोंब आला तर शेतकरी खूश होईल. घटात आला तर तुमची आई गावी जाते.

तो कठड्याला धरून खाली रस्त्याकडं बघत राहिला.

"जा आणि आत्यांना सांगा."

"बघू," तो म्हणाला.

बघू म्हणजे नाही, हे मला लग्नानंतर पहिल्या महिन्यात कळलं होतं. आठवी माळ गेली, नववी गेली. त्यानं दिवा मात्र काढून टाकला आणि कुणाला दिसणार नाही असा कपाटावर ठेवला. आत्यांनी कारण विचारलं नाही. घट काही दोन दिवसांत पिवळा होणार नव्हता. मी स्वतः सांगायला दोनदा त्यांच्याजवळ गेले आणि परत आले. सांगायचं होतं ते त्यानं. मी सांगितलं असतं तर ते नेहमीसारखं माझंच बोलणं झालं असतं.

दसऱ्याच्या सकाळी घट हलवला. आत्यांनी कोंब खुडून देवीला वाहिले, एक तुरा लेकाच्या कानावर खोचला, एक माझ्या केसात. काकू वर येऊन आपले पिवळे लांब तुरे देऊन गेल्या. मग आपट्याची पानं वाटून झाली आणि आत्या नवं लुगडं नेसून, बॅग दाराशी आणून ठेवून खुर्चीत बसल्या. दुपारच्या गाडीचं त्यांनी काकूंकडून स्टेशनवर फोन करवून विचारून घेतलं होतं.

माझ्याच्यानं राहवेना. मी त्यांच्यापुढं जमिनीवर बसले आणि आमचा आणि काकूंचा असे दोन्ही तुरे हातात धरून शिदोरीपासून सगळं सांगितलं. हा पिवळा उपाशी आहे आत्या, बियातलं संपलं की मरणार. हा हिरवा आपलं आपण कमावून खातोय. हा खुरटलेला नाही, हा रुजलाय.

आत्यांनी सगळं नीट ऐकलं. "तुझं खरं असंल," त्या म्हणाल्या. "तू शिकलेली हायस. पर आमच्यात पिवळाच लागतोय, आन् तिनं मला हिरवा दिला. तिला मी हितं नको हाय. ती म्हणली जा, मी जाते. तिच्यावर राग न्हाय माझा."

मी उठले. आतल्या खोलीत नवरा मोबाइल हातात घेऊन, काही न बघता बसला होता. मी त्याचा दंड धरला. "आत्ता सांगितलं नाहीत, तर मीसुद्धा त्यांच्याबरोबर जेऊरला जाते," असं म्हटलं आणि त्याला हॉलमध्ये ओढून आणला. कानावर तुरा तसाच. तो आईसमोर उभा राहिला. मग माझ्या अपेक्षेप्रमाणे बोलायच्या ऐवजी कपाटाकडं गेला, वरचा दिवा काढला आणि भिंतीतल्या प्लगमध्ये लावून दाखवला.

भरदिवसा आमचा हॉल जांभळा झाला. आत्यांचं नवं लुगडंसुद्धा.

"हा दिवा घटावर होता आई. त्यानं हिरवा झाला. मी लावला होता."

आत्या दिव्याकडं बघत राहिल्या. "म्हंजी तिनं न्हाय केलं?"

"नाही. मीच मधे आलो."

"तिनं काय सांगितलंच न्हाय मग मला?"

"नाही."

आत्यांचा चेहरा हळूहळू रागानं लाल झाला, निदान त्या उजेडात तसं दिसलं. "देवीच्या कामात हात घालतुस व्हय रं? कशाला लावलास? कुणी सांगितलं हुतं तुला?"

"घट चांगला आला तर राहीन म्हणालीस," तो म्हणाला. "मला वाटलं, उजेड दिला की लवकर येईल."

मला वाटलं आता आत्या कडाडणार. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आरं, मग ऱ्हा म्हणायचं की तोंडानं. चार महिनं मी तुझ्या तोंडाकडं बगतीया. दर येळंला जाते म्हणते, आन् तू पेपर वाचतुस. मला वाटलं, ह्येला बी मी जावी असंच वाटतंय."

त्यानं कानावरचा तुरा काढला आणि पुन्हा तिथंच खोचला.

"राहा म्हटलं असतं, आणि तू नाही म्हणाली असतीस तर?" तो म्हणाला.

मला वाटलं होतं, मी या माणसाला पूर्ण ओळखते. एवढा थोराड माणूस, दुकानात गडी राबवणारा, आणि आई नाही म्हणेल या भीतीनं गेले चार महिने पेपरामागं लपून बसला होता.

आत्या उठल्या. बटण बंद करायला गेल्या, ते सापडेना, तेव्हा त्यांनी सरळ प्लगच उपटला आणि दिवा त्याच्या हातात दिला.

"म्हण आता."

"काय?"

"जे म्हणायचं हाय ते. मला गाडीला उशीर हुतोय."

"राहा," तो म्हणाला. आणि मग, त्याच्या मानानं फारच झालं, "जाऊ नकोस."

आत्यांनी पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "काय उभी ऱ्हायलीस गं? पुरणाचं बगायचं न्हाय का? आज सण हाय." आणि स्वयंपाकघराकडं वळता वळता लेकाला म्हणाल्या, "पुढच्या साली घटाच्या खोलीत पाऊल टाकलंस तर तंगडी मोडंन. दिवा घिऊन तर न्हायच न्हाय. मला हळदीसारखा पिवळा पायजे, खालच्या काकूंच्यापेक्षा वीतभर उंच."

नवरा दिवा छातीशी धरून उभा होता. पुढच्या साली, असं त्या म्हणाल्या होत्या. ते त्यानंही ऐकलं होतं; आयुष्यात पहिल्यांदा मला त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.